गिरवीच्या सॉफ्टवेअरची कॉपी धारला निघाली, आता कुलूप किती आणि कुठे लावायचं

तुझा मेसेज मावशींनी मला पाठवला, दोनदा वाचला. आधी तुझा प्रश्न इथे थोडक्यात लिहितो म्हणजे दुसऱ्या कोणी हे वाचलं तर त्यालाही कळेल. तू सराफांसाठी गिरवीखात्याचं, म्हणजे दागिने गहाण ठेवण्याच्या हिशोबाचं, विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर केलंयस, सी शार्पमध्ये, साडेसात हजाराला विकतोस, आठ महिन्यांत १९ दुकानं झाली, आणि मागच्या महिन्यात धारला एका सराफाकडे तेच चालू दिसलं, स्क्रीनवर नाव आपल्या इंदूरच्या छोट्या सराफ्यातल्या गिऱ्हाइकाचं आणि पावतीवर नाव धारवाल्याचं. तुझे प्रश्न तीन आहेत, डोंगल (मशीनला खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी छोटी किल्ली) लावू का, व्हीएमप्रोटेक्टसारखं महागडं पॅकर (तयार प्रोग्रॅम कोणाला वाचता येऊ नये म्हणून गुंडाळणारं टूल) घेऊ का, आणि चोरीची कॉपी ओळखली की डेटा उडवणारा कोड लिहून ठेवलाय तो पुढच्या बिल्डमध्ये सोडू का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे नाही चालणार. नको सोडूस. राग आला असेल ते मी समजू शकतो, माझ्याबरोबर हे झालंय, पुढे सांगतो. पण गिरवीचा डेटा एकट्या सराफाचा नसतो रे. त्यात कुक्षी-बदनावरकडच्या एखाद्या बाईनी पेरणीच्या वेळेला ठेवलेलं चांदीचं कडं आहे, कोणाचं मंगळसूत्र आहे, वजन किती, टंच म्हणजे शुद्धता किती, व्याज कोणत्या दरानी, मधे दोन हजार कधी भरले, हे सगळं त्याच टेबलमध्ये. तिच्याकडे पावती असते पण पावती पावसात भिजते, घरात हरवते, आणि मग सगळा भरवसा सराफाच्या कॉम्प्युटरवर. तू तो डेटा उडवलास तर सराफ चार दिवस शिव्या देईल आणि वही काढून परत सुरू करेल, पण त्या बाईचे भरलेले दोन हजार गेले म्हणून समज. शिवाय कायद्यानीही तूच अडकशील, आयटी ॲक्ट २००० च्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधली माहिती परवानगीशिवाय नष्ट करणं येतं आणि नुकसान करायच्या हेतूनी केलं तर कलम ६६ नी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यानी आपलं सॉफ्टवेअर चोरलं होतं एवढ्यानी ते माफ होत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुझा कोड चुकणार. चोर ओळखणारा प्रत्येक कोड कधी ना कधी पैसे दिलेल्या माणसाला चोर ठरवतो. मी मेडिकल स्टोअरचं बिलिंग करतो, पंचवीस वर्षं होऊन गेली. मधल्या काळात मी हार्ड डिस्कच्या सीरियल नंबरवर लायसन्स बांधलं होतं आणि नंबर बदलला की पूर्ण स्क्रीनवर लाल अक्षरात अनधिकृत कॉपी असं यायचं, एस्केप दाबून पण जायचं नाही, मला तेव्हा वाटायचं की काय पक्कं काम केलंय. एम.वाय. हॉस्पिटलजवळ माझं एक गिऱ्हाईक होतं, सहा वर्षांपासूनचं, दर वर्षीचं पेमेंट न मागता देणारं. त्यांची डिस्क आवाज करायला लागली म्हणून हार्डवेअरवाल्यानी संध्याकाळी नवी डिस्क टाकून जुनी त्यावर क्लोन करून दिली, अगदी शहाण्यासारखं काम. रात्री अकरा वाजता कॉम्प्युटर चालू केला तर लाल स्क्रीन. समोर गर्दी, वॉर्डातून चिठ्ठ्या घेऊन आलेले लोक, एक माणूस मुलाचं इंजेक्शन घ्यायला आलेला, आणि कोणती बॅच कोणत्या रॅकमध्ये हे सगळं माझ्या सॉफ्टवेअरमध्ये बंद. मी ग्वाल्हेरला लग्नात होतो, कोड बनवायचं टूल घरच्या पीसीवर, भाच्याला उठवून तिकडे पाठवलं आणि फोनवर एकेक आकडा सांगत कोड काढेपर्यंत दीड वाजला. तो दुकानदार मला एकच वाक्य बोलला, भिया, पैसे भी मैंने दिए और चोर भी मैं? ते वाक्य माझ्या डोक्यातून आजपर्यंत गेलं नाही. दुसऱ्या दिवशी परत आलो आणि ती स्क्रीन काढून टाकली. आज तुला जे सांगून राहिलोय ते सगळं त्या रात्रीपासून सुरू होतं.

आता धारला काय झालं ते नीट बघ. तिथे कोणी क्रॅकर आला नव्हता, पेनड्राइव्ह आला होता. स्क्रीनवर छोट्या सराफ्यातल्या दुकानाचं नाव तसंच आहे याचा अर्थ कोणी तुझा कोड फोडला नाही, फोल्डर जसाच्या तसा उचलून दुसरीकडे ठेवला आणि तो चालला. बहुतेक करून फॉरमॅट मारायला किंवा प्रिंटर बसवायला आलेल्या मुलानी बॅकअप घेतला असेल आणि धारच्या ओळखीच्यांना पाचशे-हजारात लावून दिला असेल. छोट्या सराफ्यातल्या गिऱ्हाइकावर लगेच संशय घेऊ नको, त्याला फक्त विचार की मधे मशीन कोणी उघडलं होतं का. आपल्याकडच्या चोऱ्यांपैकी मी ज्या पाहिल्या त्या जवळजवळ सगळ्या अशाच, एक तर हार्डवेअरवाला, नाही तर एकाच घरातल्या दोन भावांची दोन दुकानं आणि लायसन्स एक. तुझं गिरवीचं सॉफ्टवेअर फोडायला रशियातला कोणी रात्रभर बसणार नाहीये, ते लोक मोठ्या डिझाइनच्या पॅकेजांच्या आणि गेमच्या मागे असतात. म्हणून कुलूप पेनड्राइव्हच्या हिशोबानी लाव, तेवढं नीट लावलं तरी तुझं बहुतेक सगळं काम होईल.

पण क्रॅकर आला तर तो काय करेल हेही एकदा स्वतःच्या डोळ्यानी बघून घे, त्याशिवाय पॅकरचा मोह जाणार नाही. डीएनस्पाय किंवा आयएलस्पाय डाउनलोड कर, तयार प्रोग्रॅममधून परत सोर्स काढून दाखवणारी टूल्स आहेत ही, आणि तुझी एक्झी, म्हणजे चालणारी प्रोग्रॅम फाइल, त्यात टाक. तुझा पूर्ण सोर्स जवळपास जसाच्या तसा समोर येईल, व्हेरिएबलची काही नावं सोडली तर. मग लायसन्स चुकीचं आहे हा तुझाच मेसेज सर्च कर, तो जिथे आहे त्याच्या दोन ओळी वर एक इफ, म्हणजे अट तपासणारी ओळ, सापडेल, त्यातलं फंक्शन एडिट करून रिटर्न ट्रू, म्हणजे नेहमी बरोबरच, असं लिही आणि सेव्ह कर. पहिल्यांदा करणाऱ्यालाही दहा मिनिटं लागतात. सी प्लस प्लसमध्ये असतं तर एवढं सोपं नसतं पण मूळ गोष्ट तीच, डिबगरमध्ये त्या जागी जंपची एक इन्स्ट्रक्शन असते, ७४ हा बाइट ईबी केला की जी जंप अटीवर होती ती नेहमीच होते, संपला विषय. म्हणजे तू लायसन्सवर डिजिटल सही कितीही भारी अल्गोरिदमची वापर, शेवटी हो की नाही हे सांगणारी एकच जागा असेल तर तीच जागा फोडली जाते.

तर मग सहीचा फायदा काय, असं विचारशील. फायदा हा की त्याचं की-जेन, म्हणजे खोटे लायसन्स नंबर काढून देणारं टूल, बनत नाही. तुझं आत्ताचं लायसन्स बघितलं, दुकानाच्या नावाच्या अक्षरांची बेरीज करून त्यातून १६ आकडी नंबर, हे ज्यानी डीएनस्पायमध्ये उघडलं त्याला तुझंच फंक्शन कॉपी करून हजार नंबर बनवता येतील, आणि तेव्हा बाजारात फुटलेली कॉपी येत नाही, खरी कॉपी आणि खोटा नंबर येतो, ते जास्त वाईट. त्याऐवजी एक छोटी टेक्स्ट फाइल कर, त्यात दुकानाचं नाव, गाव, जीएसटी नंबर, साहुकारी लायसन्सचा नंबर, किती मशीन, अपडेट कधीपर्यंत, आणि या सगळ्यावर तुझ्या प्रायव्हेट कीनी, जी फक्त तुझ्याकडे असते, सही. सॉफ्टवेअरमध्ये फक्त पब्लिक की असते, तिनी सही तपासता येते, बनवता येत नाही. डॉटनेटमध्ये आरएसए आणि ईसीडीएसए या सहीच्या दोन्ही पद्धती आधीपासून आहेत, बाहेरचं काही घेऊ नको. मी ईसीडीएसए पी-२५६ वापरतो कारण तिची सही ६४ बाइटची, बेस६४ मध्ये ८८ अक्षरं होतात, व्हॉट्सॲपवर पाठवली की गिऱ्हाईक कॉपी-पेस्ट करतो. आरएसए २०४८ ची तीच सही साडेतीनशे अक्षरांच्या जवळ जाते आणि मधेच तुटते. फोनवर सांगण्याचे दिवस यात नाहीत, ते सोडून दे.

प्रायव्हेट की मात्र तुझ्या रोजच्या लॅपटॉपवर ठेवू नको, जो घेऊन तू दुकानोदुकानी फिरतोस. ती घरी, वेगळ्या मशीनवर किंवा पासवर्डवाल्या पेनड्राइव्हवर, आणि तिची एक प्रत दुसरीकडे. चोरी झाली काय किंवा हरवली काय, दोन्ही वाईट, १९ च्या १९ दुकानांना नवी पब्लिक की असलेला बिल्ड द्यावा लागेल.

आता तुझ्या धंद्यात एक अशी सोय आहे जी मला मेडिकलमध्ये नव्हती, तिचा फायदा घे. गिरवीच्या पावतीवर नाव सेटिंगमधून बदलता येतं, हेच तुझं सगळ्यात मोठं भोक आहे, धारवाल्यानी तेवढंच केलं ना. पावतीवरचं दुकानाचं नाव, गाव आणि साहुकारी नंबर सरळ सही असलेल्या लायसन्स फाइलमधूनच छाप, सेटिंगमध्ये ते रकानेच ठेवू नको. फोन नंबर, वेळ, खालची सूचना एवढं बदलू दे. दुसऱ्याच्या नावाची, दुसऱ्याच्या साहुकारी नंबरची पावती कोणताच सराफ गिऱ्हाइकाला देऊ शकत नाही, उद्या भांडण झालं तर ती पावती त्याच्या काही कामाची नाही. म्हणजे फोल्डर उचलून नेला तरी चालेल, पण चालवून उपयोग काही नाही. याच्यात कोणाची स्क्रीन बंद होत नाही, कोणाचा डेटा जात नाही, आणि पैसे दिलेल्या माणसाला काही जाणवत पण नाही. माझ्या मते एवढं एकच केलंस तरी धारचा प्रकार परत होणार नाही. आणि हो, हे नाव प्रोग्रॅममध्ये चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्र वाचून तपास, पावती छापताना, व्याज काढताना, बॅकअप घेताना, म्हणजे एक इफ बदलून भागत नाही, कोणी बसलाच तर त्याला सगळं शोधत बसावं लागेल.

त्याच्यावर मशीनची बांधणी, म्हणजे लायसन्स त्याच मशीनला बांधणं, हवी, पण सैल. मी एका नंबरवर बांधलं होतं त्याचं काय झालं ते वर सांगितलंच. मदरबोर्डचा सीरियल घेऊ असं वाटेल तुला, तर जेल रोडच्या किंवा सिल्व्हर मॉलच्या कोणत्याही असेंबल्ड मशीनवर तो वाचून बघ, कित्येकांवर टू बी फिल्ड बाय ओईएम असंच लिहिलेलं येतं, बोर्ड बनवणाऱ्यांनी तो रकाना भरलेलाच नसतो, दोन वेगळी मशीनं एकच वाटतात. प्रोसेसर आयडी म्हणून विंडोज जे देतं ते एकाच मॉडेलच्या सगळ्या प्रोसेसरवर सारखं असतं, ते तर घेऊच नको. सी ड्राइव्हचा व्हॉल्यूम नंबर फॉरमॅट मारला की बदलतो. म्हणून चार गोष्टी घे, बोर्डचा यूयूआयडी नंबर, डिस्कचा खरा सीरियल, विंडोज इन्स्टॉल होताना बनणारा मशीन गुइड नंबर आणि लॅन कार्डचा मॅक नंबर, आणि चारातले दोन जुळले की चालू दे. डोक्यात चालवून बघ, एसएसडी टाकून क्लोन केली तर तीन जुळतात, विंडोज नवीन टाकलं तरी तीन, बोर्ड जळाला आणि लॅन पण त्याच्यावरच असेल तरी डिस्क आणि गुइड राहतात, दोन. आणि डिस्क क्लोन करून धारला नेली तर फक्त गुइड जुळतो, एक. फोल्डरच नेला तर शून्य. ज्या रकान्यात टू बी फिल्ड किंवा डिफॉल्ट स्ट्रिंग किंवा नुसते शून्य आले तो रकाना मोजायचाच नाही.

आणि जुळलं नाही तर? तर लगेच काही बंद नाही करायचं. वर एक पिवळी पट्टी, मशीन बदललेलं दिसतंय, १५ दिवसांत नवं लायसन्स घ्या, शेजारी तुझा नंबर आणि विनंतीचा कोड कॉपी करायचं बटण. १५ दिवस सगळं पूर्ण चालेल. त्यानंतर नवी गिरवी घेता येणार नाही, पण जुनं खातं बघणं, व्याजाचा हिशोब, वस्तू सोडवून देणं, डेटा एक्सेलमध्ये काढणं, हे कायम उघडं, चोरीच्या कॉपीत सुद्धा. हे मी तुला अगदी हात जोडून सांगतो. आपल्या आणि सराफाच्या भांडणात जी बाई पैसे भरून मंगळसूत्र सोडवायला काउंटरवर उभी आहे तिला परत पाठवायचा हक्क आपल्याला नाही.

इंटरनेटवरून रोज तपासणी करायची सिस्टिम तुझ्यासाठी नाहीच. सराफ लोक मशीनला नेट लावू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे त्यांचं, कोणाचं किती सोनं कुठे पडलंय ही माहिती. सगळं क्लाउडवर ने म्हणजे पायरसीच संपेल असा सल्ला तुला चार जण देतील, तो दुसऱ्या धंद्यांना लागू असेल, इथे गिऱ्हाईकच पळून जाईल.

डोंगल. मी लावलेत, आधी एलपीटी म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टचे, नंतर यूएसबीचे. एलपीटीवाल्याच्या मागे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडायचा असायचा आणि मग प्रिंट अर्धवट यायची, दोष माझ्या सॉफ्टवेअरला. यूएसबीवाले झाडू मारताना तुटतात, मुलगा पेनड्राइव्ह समजून काढून नेतो, दुकान बंद पडतं आणि तू धारला किंवा झाबुआला कुरियर करत बसतोस. शिवाय डोंगल आहे का असं विचारणारी इफ शेवटी तुझ्याच एक्झीत असते. लाख-दोन लाखाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना परवडतं, साडेसात हजारात नाही.

पॅकर. व्हीएमप्रोटेक्ट किंवा थेमिडा चांगली टूल्स आहेत, वाईट नाहीत, कोड व्हर्च्युअल मशीनच्या भाषेत बदलतात आणि वाचणाऱ्याचा जीव जातो. पण व्हायरस लिहिणारे पण हीच टूल्स वापरतात, म्हणून अँटीव्हायरस अशा एक्झीकडे संशयानी बघतो आणि एक दिवस सकाळी तीन दुकानांतून फोन येतो की आयकॉनच गायब झाला. ज्याचा अँटीव्हायरसनी सफाया केला त्याला तू काय सांगशील? डॉटनेटचं साधं ऑब्फस्केटर लाव, फक्त नावं बदलणारं, म्हणजे उघडल्यावर चेकलायसन्स असं सरळ लिहिलेलं दिसणार नाही. पण डेटाबाइंडिंग आणि रिफ्लेक्शन जिथे नावावर चालतं ते क्लास त्यातून वगळ, नाही तर ग्रिड रिकामी येईल आणि कारण दोन दिवस सापडणार नाही. हे ऑब्फस्केशन उलटं करणारी टूल्स फुकट मिळतात, हे धरूनच चाल, दार लोटून घ्यायचं एवढंच त्याचं काम. त्याऐवजी जे पैसे पॅकरला घालणार होतास ते कोड सायनिंग सर्टिफिकेटला घाल. विंडोज इन्स्टॉल करताना प्रकाशक अज्ञात असं म्हणतं ते जातं, आणि तुझी एक्झी कोणी बदलली तर सही तुटते, खरी-खोटी प्रॉपर्टीमध्ये दिसते. जून २०२३ पासून त्याची की हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, तेवढी तयारी ठेव.

ट्रायल दिवसांवर ठेवू नको, तारीख मागे करून लोक वर्षभर वापरतात. ५० गिरव्यांपर्यंत फुकट असं ठेव. बस.

सोर्सकोडचं बोलायला हवं, कारण मला खरा मार तिथे बसला. २००० च्या आसपास माझं सगळं फॉक्सप्रो या जुन्या भाषेमध्ये होतं आणि फॉक्सप्रोची एक्झी उलटी करून सोर्स काढणारं रीफॉक्स नावाचं टूल होतं. एका माणसानी माझं सॉफ्टवेअर त्यातून काढलं, नाव बदललं, रंग बदलले, आणि खंडव्याकडे स्वतःचं म्हणून विकायला लागला. मला कसं कळलं, तर तिथल्या एका डीलरनी मला एक प्रिंट दाखवली, एक्सपायरी रजिस्टरची, आणि त्यात मथळ्यात मी केलेली स्पेलिंगची चूक तशीच होती. अंगाचा थरकाप झाला रे, आपल्या हाताची चूक दुसऱ्याच्या नावाखाली बघताना. मी काही करू शकलो नाही कारण माझ्याकडे तारखेनिशी पुरावाच नव्हता की हे माझं आहे. तू आज काय कर, कॉपीराइटची नोंदणी करून टाक. हक्क लिहिल्याबरोबरच मिळतो, त्याला नोंदणी लागत नाही, पण भांडायची वेळ आली तर कागद हातात असावा. गिटचा, म्हणजे कोडमधले बदल तारखेनिशी नोंदवणाऱ्या टूलचा, पूर्ण इतिहास जपून ठेव, प्रत्येक रिलीजची एक्झी आणि तारीख बाजूला ठेव, आणि मदतीला मुलगा ठेवलास तर त्याला लायसन्सचा भाग आणि की दाखवायची गरज नाही, व्याजाचे रिपोर्ट करायला ते लागत नाही.

आता ज्याच्यानी मी टिकलो ते सांगतो, ते कुलूप नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला तेव्हा बाजारात माझ्या जेवढ्या चोरीच्या कॉपी होत्या त्या सगळ्या एका रात्रीत निकामी झाल्या. त्यांच्यात व्हॅट होता, एचएसएन म्हणजे मालाच्या प्रकाराचा कोड नव्हता, बिलाचा नमुनाच वेगळा. त्या जुलैमध्ये माझ्याकडे अशा दुकानांचे फोन आले ज्यांची नावं माझ्या वहीत कधीच नव्हती, देवास, शाजापूर, खरगोन, आणि सुरुवात एकच, आमच्याकडे तुमचंच चालतं. मी कोणाला विचारलं नाही की कुठून आणलं. पूर्ण पैसे घेतले, डेटा नव्या व्हर्जनमध्ये आणून दिला, त्यातले बरेच आजपर्यंत आहेत. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधं १२ टक्क्यांवरून ५ वर आली तेव्हा परत तेच, आदल्या रात्री माझ्या सगळ्या दुकानांत औषधांच्या दरांची नवी मास्टर यादी पोहोचलेली होती आणि कॉपीवाले सकाळी एकेक आयटम हातानी बदलत बसले होते. तुझ्या बाजारात पण हे होतच असतं. सोन्याचं हॉलमार्किंग जून २०२१ मध्ये सक्तीचं झालं, मग १ एप्रिल २०२३ पासून सोन्याचा दागिना विकायला सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर, लागायला लागला. न सोडवलेल्या गिरवीचा दागिना सराफ परत विकतो तेव्हा त्याला हे लागतं, तुझ्यात ती सोय आहे का? नसेल तर पॅकर शोधायचं सोडून आधी ती कर. साडेसात हजार एकदाच घेण्यापेक्षा आधी पाच आणि दर वर्षी दीड-दोन हजार घे, त्यात अपडेट आणि फोन. फाइल कॉपी होते, फोन उचलणारा माणूस कॉपी होत नाही. भावाच्या दुसऱ्या दुकानासाठी अर्ध्या किमतीत लायसन्स ठेव, चोरी करायचं कारणच राहत नाही, सराफ तसे हिशोबाचे पक्के असतात, अर्ध्यात रीतसर मिळत असेल तर घेतात.

आणि ज्यानी कॉपी लावली त्या मुलाला शोध. माझ्या वेळचा सापडला होता, सिल्व्हर मॉलमध्ये बसायचा, त्याच्याशी भांडायला गेलो होतो पण बोलता बोलता कळलं की दुकानदारच त्याला म्हणतात मशीनबरोबर बिलिंगचं पण काही टाकून दे, आणि तो टाकतो, त्याला माझं नाव पण माहीत नव्हतं. त्याला प्रत्येक लायसन्समागे २० टक्के देऊ केले. पुढची सात-आठ वर्षं माझी सगळ्यात जास्त विक्री त्यानी केली, आणि दुसऱ्या कोणी कॉपी लावली तर पहिला फोन त्याचाच यायचा. तुझा मुलगा असाच निघेल याची खात्री नाही, ऐकला नाही आणि धंदा म्हणून विकतच राहिला तर मग वकिलाची नोटीस, त्यालाच, दुकानदाराला नाही. कॉपीराइट ॲक्ट १९५७ मध्ये कलम ६३ ब आहे, चोरीची आहे हे माहीत असून कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरला तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि विकणाऱ्यासाठी कलम ६३ आहेच. २०१२ च्या दुरुस्तीत ६५ अ आलं, कुलूप तोडण्याबद्दल. पण वापरणाऱ्या सराफाला हे कलम दाखवून घाबरवू नको, घाबरलेला माणूस सॉफ्टवेअर काढून वहीवर जातो, तुझ्याकडे येत नाही.

धारवाल्याला फोन कर, पण धनतेरसच्या आणि पुष्य नक्षत्राच्या आठवड्यात नको, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. म्हण, तुमच्याकडे माझं सॉफ्टवेअर आहे, पावतीवर तुमचं नाव रीतसर यायला हवं, एचयूआयडीचं नवीन आलंय, तुमचा जुना डेटा जसाच्या तसा ठेवून लायसन्स करून देतो, पैसे दोन हप्त्यांत द्या. त्याच्यात चोर हा शब्द येऊ देऊ नको. नाही म्हणाला तर ठीक आहे म्हण आणि नंबर देऊन ठेव.

डेटा उडवणारं ते फंक्शन आजच डिलीट कर, कॉमेंट करून ठेवू नको, चुकून परत चालू होतं. पावतीचं नाव लायसन्समधून घेणारा बिल्ड आधी तयार कर, १९ दुकानांना स्वतः जाऊन लाव, प्रत्येक ठिकाणी नाव आणि साहुकारी नंबर त्यांच्या कागदावरून बघून घे. मशीनची बांधणी त्याच्यानंतरच्या बिल्डमध्ये, आणि पहिले दोन महिने फक्त पिवळी पट्टी दाखवू दे, काही थांबवू नको, किती खऱ्या गिऱ्हाइकांना ती उगाच दिसते ते आधी मोज. रविवारी दुपारी मी रामबागेत घरीच असतो, लॅपटॉप घेऊन ये, चार मशीनांचे नंबर एकत्र काढून बघू.